पक्षाघात: मेंदूचा कोणता भाग गेला की माणसाचं नेमकं काय जातं?

पैलतीर

मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं किंवा गिळणं बिघडतं अशा पेशंटसोबत माझा दिवस जातो. पेशंटपेक्षा घरच्यांचे प्रश्न जास्त असतात, आणि त्यातला एक सारखा कानावर येतो: "मॅडम, हे मुद्दाम करतात का हो?" बाबा ताटातलं डाव्या बाजूचं जेवतच नाहीत. आईला 'हो' म्हणायचं असतं आणि तोंडून 'नाही' येतं. आजोबा सांगितल्याशिवाय जागचे उठत नाहीत. यावरून घरात चिडचिड होते, आणि ज्याच्यावर सगळे चिडतात त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. माझं ठाम मत आहे की यातलं जवळजवळ काहीच मुद्दाम नसतं. मेंदूचा तेवढा भाग मेला, त्याचं काम थांबलं. कोणत्या भागाचं काय काम हे कळलं की घरच्यांचं वागणं बदलतं. म्हणून हा धागा काढते आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण शरीर स्वस्थ बसलेलं असतानाही एकूण ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा त्याला लागतो. साठा करून ठेवायची सोय जवळजवळ नाही, रक्तातून ऑक्सिजन आणि ग्लुकोज सतत यावंच लागतं. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज २००६ साली मांडला गेला. 

शाळेत आपण तीन भाग शिकलो: प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू, आणि खाली मस्तिष्कपुच्छ, जो मेंदूच्या देठाचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाचा, शेवटचा भाग. मोठ्या मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल. डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू हलवतो, उजवा डावी.

आता रक्तवाहिन्या. प्रत्येक अर्धगोलाला पुढची, मधली आणि मागची अशा तीन मुख्य धमन्या रक्त पुरवतात. झटका सर्वांत जास्त वेळा मधल्या धमनीत येतो. रिपोर्टवर 'एमसीए' लिहिलेलं दिसतं ती हीच. हालचालींचा ताबा असलेली पट्टी अर्धगोलाच्या माथ्यापासून कानाच्या दिशेने उतरते. तिच्यात चेहरा आणि हात बाहेरच्या अंगाला, मधल्या धमनीच्या इलाख्यात येतात. पाय मात्र दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, पुढच्या धमनीच्या हद्दीत. चेहऱ्याला आणि हाताच्या पंजाला या पट्टीवर भरपूर जागा, पाठीला अगदी थोडी. मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये जाग्या पेशंटच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श देऊन हा नकाशा काढला. "बाबा चालायला लागले, हात मात्र येत नाही, व्यायाम कमी पडतोय का?" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या नकाशात आहे.

एकेक भाग घेऊन बोलू या. विचारा, अनुभव लिहा.

सायलीपान

फार गरजेचा धागा. मी फिजिओ आहे. एक गोष्ट जोडते. कित्येक नातेवाईक सीटी स्कॅन दाखवून म्हणतात, "एवढासा डाग आहे, मग अख्खी बाजू कशी गेली?" मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर पसरलेले हालचालींचे तंतू खाली उतरताना एका अरुंद पट्ट्यात एकत्र येतात. इंग्रजीत त्याला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात. तिथली बारीकशी धमनी बंद झाली तरी चेहरा, हात, पाय सगळं एकदम जातं, आणि बुद्धी, भाषा शाबूत राहते. याउलट पृष्ठभागावर पुढे मोठा डाग असला तरी पेशंट दोन्ही पायांवर चालत येतो, पण माणूस बदललेला असतो. डागाच्या आकारापेक्षा जागा महत्त्वाची, हे मी रोज समजावते.

घाटमाथा

आमच्या वडिलांना अंगावरून वारं गेलं तेव्हा पहिले काही तास आम्ही तेल चोळण्यात घालवले, गावात सगळे तेच सांगत होते. आता डावा हात-पाय अधू आहे. बोलणं चांगलं आहे, जुन्या गोष्टी आठवतात, हिशोब करतात. पण भाकरी अर्धीच खातात. डाव्या बाजूची भाजी तशीच राहते आणि "भाजी वाढली नाही" म्हणून आईवर ओरडतात. दाढीसुद्धा उजव्या गालाचीच करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक सांगितले. आई रडकुंडीला आली आहे. हे काय आहे?

पैलतीर

दादा, आईंना हे नक्की वाचून दाखवा.

तुम्ही जे सांगताय त्याला नेग्लेक्ट म्हणतात. उजव्या अर्धगोलाचा मागचा-वरचा भाग, म्हणजे उजवा पार्श्वखंड आणि त्याच्या आसपासचा भाग दुखावला की असं होतं. डोळ्यांतून प्रतिमा मेंदूपर्यंत पोचते. पण 'डावीकडेही जग आहे, तिकडे बघायचं आहे' हे लक्षच मेंदू देत नाही. डावा अर्धगोल मुख्यतः उजव्या बाजूकडे लक्ष ठेवतो आणि उजवा दोन्हीकडे, असं मानतात. म्हणून डावा दुखावला तर उजवा सांभाळून घेतो, उजवा दुखावला की डावीकडे बघणारं कोणी उरत नाही.

हे किती खोल जातं ते १९७८ साली इटलीतल्या मिलानमध्ये एदुआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुत्साती यांनी दाखवलं. अशा पेशंटना त्यांनी शहरातला कॅथेड्रलसमोरचा चौक मनात आणायला सांगितला. पेशंट तिथलेच, चौक त्यांच्या पायाखालचा. 'कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं?' पेशंटनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितलं, आता पलीकडे कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि इकडे बघा. आता मघाशी गाळलेल्या इमारती त्यांनी नीट सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. आठवण पूर्ण शाबूत होती. मनातल्या चित्राचीही डावी बाजू त्यांना दिसत नव्हती.

तेव्हा वडील आईंवर ओरडतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्यापुरती भाजी वाढलेलीच नसते. आईंनी ताट गोल फिरवून द्यावं. ताटाच्या आणि पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि "लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा" असं दर वेळी सांगा. बोलताना हळूहळू डाव्या बाजूने बोलायला लागा. आणि त्यांना एकट्याने रस्ता ओलांडू देऊ नका, डावीकडून येणारी गाडी त्यांच्यासाठी नसतेच. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांमध्ये हे कमी होतं.

खडूफळा

मी विज्ञान शिकवतो. मुलं हमखास विचारतात: डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा, हे खरं का? आणि आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो का?

पैलतीर

सर, दुसरं आधी. पूर्ण खोटं. १० टक्केच वापरात असता तर उरलेल्या ९० टक्क्यांत कुठेही झटका आला तरी काही बिघडलं नसतं. या धाग्यावरचा प्रत्येक अनुभव त्याच्या विरुद्ध जातो.

पहिल्यात एक धागा खरा आहे आणि त्यावर फार मोठा डोलारा उभारलाय. भाषेचं काम बहुतेकांमध्ये डावीकडे एकवटतं: उजखोऱ्यांमध्ये सुमारे ९५ टक्के, डावखोऱ्यांमध्येही ७० टक्क्यांच्या आसपास. हे समजलं ते पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. लबॉर्न्य नावाचा पेशंट वर्षानुवर्षं एकच अक्षर बोलायचा, 'तां'. समोरच्याचं त्याला बरंचसं समजत होतं. १८६१ साली तो वारल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढच्या खंडात खालच्या अंगाला इजा होती. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला: माणूस भराभर बोलतो, सूर बरोबर असतो, पण शब्दांना अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं त्याला कळत नाही. ती जागा डावीकडेच, कानाच्या वरच्या-मागच्या भागात. 

पण लबॉर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवला होता, आणि २००७ साली त्याच्या एमआरआयचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इजा ब्रोकांना वरून दिसली त्यापेक्षा फार आतपर्यंत, भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली होती. मुलांना 'हा भाग बोलण्याचा' असं शिकवा, पण तो एकटा काही करत नाही हेही सांगा. उजवा अर्धगोलही भाषेत असतोच, बोलण्यातला चढउतार आणि टोमणा कळायला तो लागतो.

उंबरठा

आम्ही बेळगावचे. आईला डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं पार थांबलं. पाण्याचा ग्लास दाखवला तर शब्द सुचत नाही. पण संध्याकाळी देवघरात सगळ्यांबरोबर आरती सुरू झाली की पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट म्हणते! बेचा पाढा, सोमवार-मंगळवार सगळं येतं. नातेवाईक म्हणतात, "बघा, येतं की बोलता, मनावर घेत नाहीत." दुसरं म्हणजे, तिचं माहेर कन्नड, पन्नास वर्षं घरात मराठी. थेरपी कोणत्या भाषेत द्यायची?

पैलतीर

ताई, आरती येणं ही चांगली गोष्ट आहे, आणि ती 'मनावर घेत नाही' याचा पुरावा अजिबात नाही. हजारो वेळा म्हणून पाठ झालेलं बोलणं आणि विचार करून नवीन वाक्य जुळवणं, ही मेंदूसाठी दोन निराळी कामं आहेत. आरती, पाढे, वार, शिवीसुद्धा, ही साखळी एकदा सुरू झाली की पुढचा शब्द मागच्याच्या आधाराने येतो, आणि त्यात उजवा अर्धगोल आणि खोलवरचे भाग मोठा वाटा उचलतात असं मानलं जातं. ग्लासाला 'ग्लास' म्हणायला डावीकडचं दुखावलेलं जाळंच लागतं.

याचा उपयोग करून घेता येतो. सूर लावून, डाव्या हाताने मांडीवर ताल धरत रोजची छोटी वाक्यं म्हणवून घ्यायची: 'पा-णी दे', 'चहा ह-वा'. मेलॉडिक इन्टोनेशन थेरपी नावाची पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे, ज्यांना समजतं पण बोलता येत नाही त्यांच्यासाठीच. वार म्हणवून घेऊन मध्येच थांबायचं: "आज कुठला वार?" साखळीतला शब्द सुटा काढायचा सराव होतो.

भाषेबद्दल ठरलेला नियम नाही. काहींची लहानपणची भाषा आधी येते, काहींची रोजच्या वापरातली, काहींच्या दोन्ही बरोबर. आई उत्स्फूर्तपणे ज्या भाषेत शब्द काढते ती धरा, आणि दुसरी बंद करू नका. मामा-मावशी आले तर त्यांनी खुशाल कन्नड बोलावं. दोन भाषांनी मेंदूवर ताण येतो ही भीती काढून टाका. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ पेशंटचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. झटक्यानंतर आकलनशक्ती शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत सुमारे ४० टक्के होतं, एकभाषिकांत सुमारे २० टक्के. वाचाघाताच्या, म्हणजे झटक्याने भाषाच बिघडण्याच्या, प्रमाणात मात्र फरक आढळला नाही, म्हणून तुमच्या आईच्या बोलण्याबद्दल यावरून काही ठरवता येणार नाही.

माजघर

वाचतेय. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी झटका आला. हात-पाय चांगले सुधारले. पण कशातच रस नाही. जेवायला बस म्हटलं की बसतात, अंघोळ कर म्हटलं की करतात, स्वतःहून काहीच नाही. पूर्वी दुकान चालवणारा माणूस. वाईट वाटतंय का विचारलं तर "नाही" म्हणतात. आणि मध्येच टीव्हीवर साधं काही लागलं तरी ढसाढसा रडतात. डिप्रेशनची गोळी सुरू आहे.

पैलतीर

ताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात.

पहिली, सुरुवातच न होणं. कपाळामागचा अग्रखंड योजना करतो, आवेग आवरतो आणि कामाला उठवतोही. त्याचा आतला भाग किंवा तिथून खोलवर जाणारे धागे तुटले की इच्छेतून कृती निघत नाही. दुःखी माणसाला आतून दुःख जाणवतं. यांना दुःख नसतं, ओढही नसते. दोन्ही एकत्र असूही शकतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना 'डिप्रेशन की अपथी (म्हणजे ही ओढच नसणं)' असं स्पष्ट विचारा. घरी भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक, मोबाइलचे गजर, आणि "काय करायचं?" असं न विचारता "चला, आता दुकानाची वही बघू" असं सांगणं. सुरुवातीचा धक्का बाहेरून मिळाला की पुढचं काम ते करतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

अग्रखंडाचं जगप्रसिद्ध उदाहरण फिनिअस गेज. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी खडक फोडताना एक मीटरहून लांब, ६ किलोची पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, चालला, बोलला. पण डॉक्टर हार्लो यांनी नोंदवलं की मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेना. पुस्तकं इथेच थांबतात याचं मला वाईट वाटतं. पुढे त्याने चिलीमध्ये कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, ठरलेलं काम. बाहेरून चौकट मिळाल्यावर तो सावरला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात.

दुसरी गोष्ट, रडणं. भावना व्यक्त करण्याची यंत्रणा मेंदूच्या देठात आहे आणि वरून मोठा मेंदू तिला आवरून धरतो. वरचे धागे तुटले की क्षुल्लक कारणाने रडू किंवा हसू फुटतं, आतल्या भावनेशी त्याचा मेळ नसतो. यावर औषधं आहेत, डॉक्टरांना मुद्दाम सांगा. रडू आलं की सगळ्यांनी भोवती जमू नये. विषय बदलावा.

सायलीपान

लहान मेंदूबद्दल लिहायलाच हवं, कारण तिथला झटका सर्रास चुकतो. हात-पाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडं होत नाही. अचानक गरगरतं, उलट्या होतात, उभं राहिलं की एका बाजूला तोल जातो, जीभ जड होते. घरी पित्त समजून लिंबू-सरबत दिलं जातं. बीपी, शुगर असलेल्या माणसाला अचानक उठून उभंच राहता येईना झालं तर थांबू नका.

वजनाला एकूण मेंदूच्या १० टक्के, पण मेंदूतल्या अंदाजे ८६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६९०० कोटी तिथेच आहेत. हालचाल सुरू करणं त्याचं काम नाही, तिची मापं बरोबर ठेवणं आहे. पेशंटला माझ्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं की बोट लक्ष्याजवळ आल्यावर जास्त हेलकावतं. 

नांगरट

झटका आलेल्या पेशंटला सुरुवातीला पाणी पाजू नका, असं डॉक्टर म्हणाले. का? आमच्याकडे आधी तोंडात पाणीच घालतात.

पैलतीर

गिळण्याचा ताबा मेंदूच्या देठात, विशेषतः मस्तिष्कपुच्छात असतो. श्वास आणि हृदयाची गती सांभाळणारी केंद्रंही तिथेच. देठात किंवा वर झटका आला की गिळणं बिघडू शकतं, आणि पाजलेलं पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. कित्येकदा ठसकाही लागत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. ॲस्पिरिनही नाही. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घातक ठरू शकतं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी नळी घालून काढणं ६ तासांपर्यंत, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत शक्य असतं. घड्याळ सुरू होतं ते पेशंट शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून, ती वेळ लिहून ठेवा. आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात थेट न्या.

खडूफळा

स्मरणशक्तीबद्दल राहिलं. हिप्पोकॅम्पस?

पैलतीर

हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला छोटा भाग, कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक. नव्या घटना आठवणीत पक्क्या करतो. १९५३ साली हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्हीकडचा बराचसा हिप्पोकॅम्पस काढला आणि त्यानंतर तो नवी घटना साठवू शकला नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसेंदिवस त्याचा हात सुधारला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला दर वेळी नवीन होतं. कौशल्याची आठवण वेगळ्या भागांत राहते, मुख्यतः बेसल गँग्लिया (मेंदूत खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके) आणि लहान मेंदूत. म्हणून कालचं जेवण न आठवणाऱ्या पेशंटलाही नवा व्यायाम शिकवता येतो. "त्यांच्या लक्षात राहणार नाही" म्हणून फिजिओ बंद करू नका.

दूरदेशी

सगळं वाचून काढलं, वाचनखूण साठवली. माझ्या काकांच्या डिस्चार्ज कार्डवर 'राइट पीसीए इन्फार्क्ट' लिहिलंय. हात-पाय, बोलणं उत्तम. मात्र दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. हा वरच्यासारखा नेग्लेक्टच का? ते स्कूटर चालवायचा हट्ट धरून बसलेत.

पैलतीर

बहुधा नाही. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला भाग. पीसीए म्हणजे मागची धमनी, ती डोक्याच्या मागच्या पश्चखंडाला रक्त देते, आणि दृष्टीचं काम तिथे चालतं. उजवा पश्चखंड गेला की दोन्ही डोळ्यांतली डावी अर्धी नजर जाते. रशिया-जपान युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनौये यांनी १९०९ साली या भागाचा नकाशा मांडला: इथे इजा झाली की नजरेचा हा तुकडा जातो, तिथे झाली की तो.

नेग्लेक्टशी फरक ओळखायची साधी खूण अशी. अर्धी नजर गेलेल्याला आपली उणीव सहसा कळते किंवा दाखवली की पटते, आणि तो मान वळवून बघायला शिकतो. नेग्लेक्टवाल्याला सांगूनही पटत नाही. काका खांदा आपटल्यावर डावीकडे वळून बघतात का, ते पाहा. नक्की काय ते तपासणीतच ठरेल.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन नुसता चष्म्याचा नंबर नको, पेरिमेट्री करून घ्या. तिच्यात नजरेच्या क्षेत्राचा नकाशा छापून मिळतो. तो कागद काकांच्या हातात द्या, डावीकडचा काळा भाग त्यांना स्वतःला बघू दे. तोवर स्कूटरची किल्ली काकूंकडे.